कमी ठोक्यांची मिरवणूक

घोडबंदर रस्ता नाशिक महामार्गाला मिळतो त्या माजिवडा नाक्यावर संध्याकाळी सात वाजता एखाद्याची नाडी मिनिटाला ४५ लागत असेल, तर तो माणूस योगी तरी असावा किंवा त्याचं घड्याळ चुकत तरी असावं. तरीही इथल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी कुणी ना कुणी आपला ‘रेस्टिंग हार्ट रेट’ जाहीर करतं, आणि आकडा जितका लहान तितके वर केलेले अंगठे जास्त. नापास झाल्याचे पेढे वाटावेत तसा हा प्रकार. धावणाऱ्यांची नाडी खरोखरच मंद असते, त्यामुळे अभिमान समजू शकतो. पण ठोके कमी असतात तेव्हाच घड्याळाच्या आकड्यालाही जरा कमी भाव द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण घड्याळ हृदयाचं काही ऐकत नाही. त्याच्या पोटाखालचा हिरवा दिवा कातडीत उजेड सोडतो, रक्त तो शोषून घेतं आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून अंदाज बांधला जातो. २०१८ साली चीनमध्ये लोकांनी फिटनेस बँड टॉयलेट पेपरच्या गुंडाळीला बांधले, तर गुंडाळीचीही नाडी लागली! आता हिशेब बघा. मिनिटाला १२० ठोके म्हणजे पाच सेकंदांत दहा. एक निसटला तर चूक दहा टक्क्यांची. ४८ असतील तर पाच सेकंदांत चारच. एकाची गफलत म्हणजे थेट ३६ किंवा ६०. जास्त वेळ मोजून सरासरी काढली तर ही गफलत झाकते, पण मधेच खरोखर मंदावलेली नाडीही त्याच सरासरीत बुडते. शिवाय प्रत्येक ठोक्याच्या लाटेमागून एक छोटी लाट येते. नाडी मंद असली की ती सुटी दिसते, आणि घड्याळाने तिलाही ठोका मानलं की ४० चे ८० होतात. उलट हृदयाचा अवेळी पडलेला ठोका इतका दुबळा असू शकतो की त्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. एकाआड एक ठोका असा पडला तर ८० चे ४०. गटावर ज्याचं अभिनंदन झालं, त्याला खरं तर डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं.

यावर कुणी म्हणेल, स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ही घड्याळं चांगली मोजतात. मान्य, हात हलत नसला की त्यांचं काम सोपं होतं. पण ते बहुतेकांच्या बहुतेक वेळेबद्दल खरं, आणि काळजी असते ती उरलेल्यांची. दुसरा आक्षेप असा की घड्याळांनी रोग पकडले आहेत. तेही खरं. ॲपलच्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात अनियमित नाडीची सूचना उपयोगी ठरली; पण तो शोध बिघडलेल्या लयीचा होता, मंद गतीचा नव्हे. त्याच कंपनीचं ईसीजी ॲप ठोके ५० च्या खाली गेले की लयीचा निवाडा द्यायला नकार देतं. यंत्राला आपली मर्यादा कळते. गटावरच्या मंडळींना ती कळवावी लागते.

मग बोटांनी मोजावं का? जरूर. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १७०७ मध्ये नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला, आणि पूर्ण मिनिट मोजण्याची ती शिस्त आजही फुकट आहे. अर्थात मनगटाशी न पोचलेला ठोका बोटांनाही सापडत नाही. तिथे दवाखान्यातला ईसीजीच खरा पंच. आणि आकडा अचूक निघाला तरी त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. मॅरेथॉनच्या सरावातल्या धावपटूचे ४५ आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या, उठताना चक्कर येणाऱ्या आजोबांचे ४५ घड्याळाला सारखेच दिसतात. म्हणून आकडा लहान आला तर आधी पूर्ण मिनिट नाडी मोजावी. चक्कर, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल तर मोजत न बसता डॉक्टर गाठावेत. आणि यातलं काहीच नसेल, तर गटावर खुशाल टाकावा, फक्त ‘सुमारे’ हा शब्द जोडून.