फर्मवेअरची खप्पामर्जी

प्रोसेसर आणि लिनक्स यांच्यात सगळंच बोलणं थेट होत नाही. मध्ये फर्मवेअर बसलेलं असतं. जुनी माणसं त्याला अजून बायोसच म्हणतात. कागदोपत्री त्याचं यूईएफआय झालं आहे, पण बढतीने कुणाचा स्वभाव बदललाय का?

माझ्या लॅपटॉपचा पंखा साधं पत्र टाइप करतानाही किंचाळायला लागला, म्हणून मी आत डोकावलो. प्रोसेसर एएमडीचा रायझन. काम बघून वेग बारीक बारीक कमीजास्त करायची सोय त्याच्यात जन्मजात. तिला सीपीपीसी म्हणतात, आणि ती 2011 च्या एसीपीआय 5.0 पासून आहे. एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिमने एकमेकांशी कसं बोलायचं याची नियमावली. तिचा उपयोग करून घेणारा ‘एएमडी-पीस्टेट’ ड्रायव्हर 2022 मध्ये लिनक्सच्या 5.17 आवृत्तीत आला. चिप तयार, ड्रायव्हर तयार, आणि लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींमध्ये एक ओळ: सीपीसी बायोसमध्ये नाही, किंवा एसीपीआय बंद आहे. एसीपीआय ठणठणीत चालू होतं.

सीपीसी म्हणजे फर्मवेअरने प्रत्येक कोअरसाठी द्यायचा एक छोटा तक्ता. कमाल क्षमता किती, किमान किती, वेग हवा असेल तर मागणी कुठे नोंदवायची, एवढंच त्यात असतं. नव्या चिपांमध्ये मागणी नोंदवायला थेट रजिस्टर असतं, तरी ड्रायव्हर आधी हा तक्ता मागतो. नसेल तर गप्प घरी जातो आणि जुना ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ कामावर येतो. त्याच्याकडे वेगाच्या मोजून तीन पायऱ्या. सोसायटीत पाणी आलंय, घरोघरी नळ आहेत, पण व्हॉल्व्हची किल्ली सेक्रेटरीच्या खिशात आणि सेक्रेटरी लोणावळ्याला, असा हा प्रकार.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर निदान मेन्यूच्या सातव्या पाताळात का होईना, सीपीपीसीचा पर्याय सापडतो. माझ्या बायोसमध्ये तारीख, वेळ, बूटचा क्रम आणि पासवर्ड. कंपनीचा लोगो मात्र हातभर. कस्टमर केअरला फोन लावला.

“सर, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही.”

“अहो, दोष लिनक्सचा नाही. तुमच्या बायोसमध्ये तक्ताच नाहीये.”

“सर, विंडोज असतं तर तुम्हाला हे कळलंच नसतं.”

यावर काय बोलणार? माणूस खरं बोलत होता.

आता खरी गंमत सांगतो. फर्मवेअरला ऑपरेटिंग सिस्टिमची चौकशी करता येते. ‘तुम्ही विंडोज 2015 का?’ असं ते विचारतं. 2015 म्हणजे विंडोज 10. त्यावर लिनक्स बेधडक ‘हो’ म्हणतं. ‘तुम्ही लिनक्स का?’ असं विचारलं तर मात्र ‘छे, छे!’ हे काही गुपित नाही, कर्नलच्या दस्तऐवजांत राजरोस लिहिलेलं आहे. कारण बहुतेक फर्मवेअर विंडोजवर तपासून बाहेर पडतं, आणि खरं नाव सांगणाऱ्याच्या वाट्याला कुणीच न तपासलेल्या वाटा येतात. जगातले कितीतरी सर्व्हर ज्याच्या भरवशावर चालतात, त्याला लॅपटॉपवर खोट्या नावाने राहावं लागतं! सूड म्हणून कर्नलवाल्यांनी सोर्समध्ये ‘फर्मवेअर बग’ असा एक तयार शिक्काच करून ठेवलाय. नोंदींवर तो उमटलेला बघून मला फार समाधान मिळतं. पंख्याला मिळत नाही.

मग हत्यारं काढली: एसीपीआयडंपने फर्मवेअरचे तक्ते बाहेर काढले, आयएएसएलने उलगडले, ग्रेपने सीपीसी शोधलं. एक अक्षर नाही. स्वतः तक्ता लिहून बूट होतानाच इनिटआरडी फाइलमधून कर्नलच्या हाती द्यायची सोय आहे, आणि हौशी लोक तसं करतातही. पण तक्त्यात लिहिलेल्या पत्त्यावर पलीकडे कुणी राहतच नसेल, तर नुसता पत्ता लिहून काय उपयोग? शिवाय व्होल्टेजशी नातं असलेले आकडे अंदाजपंचे लिहायचं धाडस माझ्यात नाही.

उरतं बायोस अपडेट. ते अधूनमधून येतं. काय बदललं, या रकान्यात दरवेळी एकच वाक्य: ‘सिस्टिमची स्थिरता वाढवली.’ स्थिर आहेच की ती. तीन पायऱ्यांवर ठाम बसलेली आहे.

तेव्हा लिनक्ससाठी एएमडीचा लॅपटॉप घेणार असाल तर एक करा. लाइव्ह यूएसबी खिशात घालून दुकानात जा, तिच्यावरून यंत्र सुरू करा आणि ‘स्केलिंग ड्रायव्हर’ची फाइल उघडून बघा. ‘एएमडी-पीस्टेट’ दिसलं तरच पैसे मोजा. दुकानदार संशयाने बघेल. बघू दे.