अण्णांच्या डब्यात लिनक्स

अहो वहिनी, जरा गडग्याशी या. धुणं वाळत घालता घालताच ऐका. काल रात्री अण्णांच्या पडवीत उशिरापर्यंत दिवा जळत होता ना, त्यावरून वाडीत काय काय उठलंय! तात्या म्हणे सांगत सुटलेत, अण्णांना बरं नाही म्हणून. अण्णा ठणठणीत आहेत. त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स सुरू होईना, म्हणून मी तिथे बसले होते आणि भाचा पुण्याहून फोनवर.

त्याचं असं झालं. विंडोज दहाचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अकरा घालायचं तर मशीनला टीपीएम 2.0 हवं, ते अण्णांच्या त्या जुन्या डब्यात कुठून येणार? आणि नवीन घेतील ते अण्णा कसले! तुटलेल्या चपलेचा अंगठा पुन्हा पुन्हा शिवून घेणारा माणूस. तेव्हा गणपतीत आलेल्या भाच्यानं लिनक्सची डीव्हीडी करून दिली होती, ती बाहेर निघाली. (नाही, त्याचं अजून जमलेलं नाही. पत्रिका बघताहेत. ते मग सांगते.)

डिस्क घातली, मशीन चालू केलं, तर आपलं विंडोजच आलं. झालं! तात्यांनी निदान केलं, ड्राइव्ह गेला. बाजारातला दुरुस्तीवाला तर मदरबोर्डच बदलायला निघाला होता. मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे तेव्हाही हेच. एरर दिसली की पोरं मशीन बंद-चालू करत सुटायची आणि मास्तर व्हायरस म्हणून मोकळे. अहो, गाडं कुठे अडलं ते समोर स्क्रीनवर लिहिलेलं असतं. वाचायचं कुणी?

आणि काहीच न लिहिता विंडोज येत असेल, तर त्याचाही अर्थ आहे. मशीननं डिस्ककडे बघितलंच नाही, किंवा बघितलं आणि तिथे बूट करण्यासारखं काही सापडलं नाही. पहिल्यावर उपाय सोपा. चालू करताना एफ12, कुठे एस्केप, कुठे एफ2 नाहीतर डिलीट, प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. ते दाबलं की कुठून बूट करायचं ते निवडता येतं. तिथे डीव्हीडी निवडली, तरी तेच. मग मी विंडोजमधूनच डिस्क उघडली. आत काय असावं? एकुलती एक आयएसओ फाइल! भाच्यानं ती नुसती कॉपी करून ठेवलेली. अख्खा फणस न फोडता पानात वाढल्यासारखं. आयएसओ म्हणजे साऱ्या डिस्कचा साचा. फाइलवर राइट-क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' म्हणायचं, म्हणजे आत बूट, कॅस्पर असे फोल्डर दिसतात आणि बायोसला सुरुवात कुठून करायची ते कळतं. सीडीवरून बूट करायची ही जी रीत आहे ना, ती 1995 साली फीनिक्स आणि आयबीएमच्या लोकांनी ठरवली. तिचं नाव एल टोरिटो. कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलचं नाव आहे ते! जेवता जेवता कल्पना सुचली म्हणतात. आपल्याकडे सुचली असती तर 'मिसळ' नाव पडलं असतं.

बरं, आता नवी डिस्क करायची, तर भाचा म्हणतो, उबुंटू 24.04 घालू. अरे बाबा, ती आयएसओ साडेपाच जीबीच्या वर आणि साध्या डीव्हीडीत मावतं 4.7. एके काळी अख्खं उबुंटू 700 एमबीच्या सीडीत बसायचं आणि मागितलं की घरपोच फुकट यायचं. आमच्या लॅबमध्ये आलेली ती पाकिटं. 2011 मध्ये ते बंद झालं. शेवटी लिनक्स मिंट घेतलं. तीन जीबीच्या आसपास, आरामात मावलं.

खरी गंमत पुढेच आहे, दोरी सोडा हातातली. मेनू आला, अण्णा खुश. 'स्टार्ट लिनक्स मिंट' केलं, हिरवा लोगो आला, ड्राइव्ह घर्र घर्र करून टक् झाला, पुन्हा घर्र, पुन्हा टक्. आणि काळ्या पडद्यावर ओळ: 'अनेबल टू फाइंड अ मीडियम कंटेनिंग अ लाइव्ह फाइल सिस्टम'. खाली कंसात इनिटरॅमएफएस. अण्णा चिडले. म्हणे, डिस्कवरूनच चालू झालास आणि डिस्क सापडत नाही म्हणतोस? प्रश्न बरोबर होता हो त्यांचा! पण होतं असं की सुरुवातीला डिस्क वाचतो तो बायोस. तो कर्नल मेमरीत आणून सोडतो आणि त्याचं काम संपतं. पुढचं सगळं कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरनं वाचावं लागतं, आणि बाकीची मोठी फाइल तेव्हाच लागते. डिस्क कच्ची असेल तर नेमकी तिथे फसते. वरच्या ओळी बघितल्या, तर 'बफर आय-ओ एरर, एसआर0' असं रांगेनं. एसआर0 म्हणजे आपला डीव्हीडी ड्राइव्ह. म्हणजे डिस्क वाचता येत नाही, एवढंच म्हणत होता तो. मदरबोर्ड कुठून आला मध्ये?

भाच्याला विचारलं, आयएसओचं चेकसम जुळवलंस? शा-256 ची 64 अक्षरं साइटवर दिलेली असतात, आपल्या फाइलची काढून ताडून बघायची. ते जुळलं. म्हणजे फाइल चांगली, दोष भाजण्यात. घाईघाईनं सोळा एक्सवर भाजलेली. जुन्या ड्राइव्हचा लेसर मंदावलेला असतो, त्याला असली डिस्क झेपत नाही. लेन्सवरची धूळ काढली, कोरी डीव्हीडी-आर घेतली, चार एक्सवर भाजली, व्हेरिफायही केलं. लागलं सुरळीत.

सुरळीत म्हणजे, मग स्क्रीन काळी झाली. तात्यांचा विजयी चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पण ड्राइव्ह चालू होता, नमलॉक दाबलं की त्याचा दिवा लागत होता. म्हणजे मशीन जिवंत, चित्र तेवढं गायब. लिनक्स ग्राफिक्स कार्डाचा ताबा लवकर घेतं, ते काही जुन्या कार्डांना मानवत नाही. मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड घेतला. नाहीतर टॅब दाबून, ग्रब असेल तर ई दाबून, 'क्वाएट स्प्लॅश'पुढे नोमोडसेट लिहायचं. आला डेस्कटॉप.

तात्यांनी मग स्वतःचा माळ्यावरचा पेंटियम फोर आणला. त्यानं स्पष्टच सांगितलं, कर्नलला एक्स86-64 हवा, सापडला आय686. 64 बिटचं लिनक्स 32 बिटच्या मशीनवर चालत नाही, तिथे काही युक्ती नाही. डेबियन 12 ची 32 बिटची डिस्क चालेल. 13 मध्ये, 2025 च्या ऑगस्टात, तो इन्स्टॉलरच काढला. तात्या म्हणतात, हा अन्याय आहे.

आता अण्णा साऱ्या वाडीला लिनक्स शिकवत फिरताहेत, तुमच्याकडेही येतील. तात्या लॅपटॉप घेऊन येतो म्हणालेत. त्याला डिस्कचा ड्राइव्हच नाही, पेनड्राइव्ह लागेल. वहिनी, तुम्ही त्यांना एवढं सांगा, पेनड्राइव्हमधले नातवाच्या मुंजीचे फोटो आधी काढून ठेवा म्हणावं. लिनक्स उतरवताना तो सगळा पुसला जातो, आणि नंतर बोंब माझ्याच नावानं होणार.