परदेशस्थाची मिरची

परदेशातून वीसेक वर्षं मी दिवाळी अंकांना ‘आठवणीतलं नंदुरबार’ पुरवलं. परवा सगळी कात्रणं एका बैठकीत वाचली आणि घाम फुटला. पथारीवर वाळणारी लालभडक मिरची अकरा लेखांत, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे सातांत. तोरणमाळचं धुकं तर इतकं उपसलंय की तिथं आता काही शिल्लक नसावं.

मी निघालो तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा मी ‘माझी ओळख हरवली’ हा लेख लिहीत होतो.

विमानानं गेलेला माणूस ‘परदेशस्थ’. धडगाव-अक्कलकुव्याहून बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलेला मात्र ‘स्थलांतरित’. त्याच्या पोरांची शाळा बुडते, माझ्या पोराला मराठी येत नाही. पण ‘मुळं तुटल्याचं दुःख’ या परिसंवादाचं बोलावणं मला! त्याला बोलावणार तरी कुठून म्हणा, तो तेव्हा उसाच्या फडात असतो.

कात्रणं पाहून मावशी अहिराणीत एवढंच म्हणाली, “बठ्ठं लिखं, पण तू पथारीवर कव्हय उना?”

एकदा गेलो होतो. ठसका लागून पाच मिनिटांत परतलो. ते तेवढं एकाही लेखात नाही.