बापाच्या पाठीवर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे मराठी माणसाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. पण तिथे पाठ आईची असते. गावतळ्याच्या शेवाळात डोकं खाली करून लटकणाऱ्या पाणढेकणाच्या घरी हे खातं बापाकडे आहे.

पाणढेकूण म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटरचा, चपटा, कुजक्या पानाच्या रंगाचा प्राणी. खाटेतल्या ढेकणाचा दूरचा भाऊबंद. शेपटाकडच्या दोन आखूड पट्ट्या पाण्याबाहेर काढून तो श्वास घेतो. डासाची अळी समोर आली की पुढच्या पायांनी कवटाळायची, सोंड खुपसायची, पाचकरस आत सोडायचा आणि आतलं सरबत ओढून घ्यायचं. गंमत म्हणून हातात धरलं, तर आपल्यालाही झोंबतो.

नराच्या पाठीवर शंभरेक अंडी दाटीवाटीने उभी असतात, जणू तांदळाच्या कण्या खळीने चिकटवल्यात. पूर्वीच्या अभ्यासकांनी हे पाहिलं आणि बेधडक ठरवून टाकलं, ही आईच! पोरं सांभाळतंय म्हणजे दुसरं कोण असणार? 1899 साली फ्लॉरेन्स स्लेटर या अमेरिकन बाईंनी हा घोळ निस्तरला. हे नर आहेत, मादी त्यांच्या पाठीवर अंडी चिकटवून चालती होते आणि नर या ओझ्याखाली चरफडतो, असं त्यांनी लिहिलं.

चरफडण्याचं तेवढं खरं नव्हतं. अमेरिकेतल्याच एका चुलत जातीवर रॉबर्ट स्मिथ यांनी 1970च्या दशकात पाळत ठेवली. नर पाण्यात उठाबशा काढून मादीला स्वतःच बोलावतो. मात्र गडी भोळा नाही. आधी समागम, मग चार-दोन अंडी, पुन्हा समागम, पुन्हा अंडी. हप्ता भरल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही! एका जोडप्याने दीड दिवसात शंभराहून जास्त हप्ते भरले. वाहायची ती पोरं आपलीच, याची एवढी खातरजमा कोर्टातही होत नसेल.

पुढे मात्र तो राबतो. अंडी पाण्यात बुडून राहिली तर गुदमरतात, उन्हात राहिली तर सुकतात. म्हणून पाठ पाण्याच्या पातळीला धरून हा खालीवर हलत राहतो. अंडी पंखांवरच असल्याने उडणं बंद.

पिल्लं बाहेर पडतात, आणि भूक लागली की भावंडांवरही तुटून पडतात. बाप तिकडे मागच्या पायांनी पाठीवरची रिकामी टरफलं खरवडत असतो. पाठ मोकळी झाली की पुन्हा उठाबशा.