आज मरूनचा नंबर

तुमच्या सोसायटीत, गणेश मंडळात किंवा माजी विद्यार्थी संघात हे गृहस्थ आहेतच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमच्याकडे त्यांना टेम्प्लेटपंत म्हणतात. आमच्या 'ब' वर्गाच्या वाचनालयाचं सोशल मीडिया त्यांच्या हाती आहे आणि कार्यकारिणीचा जीव त्यांच्या मुठीत.

पंतांचा धर्म एकच. इन्स्टाग्रामच्या पानावर एका ओळीत तीन चौकटी दिसतात. एक पोस्ट पांढरी, पुढची मरून, मग पुन्हा पांढरी. तीन हा आकडा विषम, म्हणून पोस्टी कितीही वाढल्या तरी बुद्धिबळाचा पट जसाच्या तसा राहतो. हे गणित त्यांनी मला जिन्यात गाठून समजावलं. माझ्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हातात फुटलेली दुधाची पिशवी.

पट राहतो, पण घटनांना मात्र नंबर लावून घडावं लागतं. गेल्या पावसाळ्यात वक्ते घाटात अडकले. व्याख्यान रद्द झाल्याचं लगेच टाका, असा सचिवांनी फोन केला. पंत म्हणाले, "आज मरूनचा नंबर आहे. सूचना पांढऱ्यात जातात." मग मधे भर म्हणून धैर्यावरचा एक सुविचार गेला, त्याच्या मागोमाग रद्द झाल्याची सूचना. तोवर चिंब भिजलेले श्रोते दारात उभे राहून धैर्यावरचा सुविचार वाचत होते.

माजी अध्यक्ष गेले त्या दिवशीही मरूनचाच नंबर होता. श्रद्धांजली मरूनमध्ये कशी द्यायची? पंतांनी सभासदांचं रजिस्टर काढून त्या दिवशी कुणाचा वाढदिवस आहे ते शोधलं. दुसरीतला एक बालसभासद सापडला. आधी त्याला मरूनमध्ये शुभेच्छा, मग अध्यक्षांना पांढऱ्यात श्रद्धांजली. वाचनालयानं मुलाची एवढी दखल घेतली म्हणून त्याचे वडील अजून भेटतील तिथे हात जोडतात.

अक्षराच्या बाबतीतही तेच. "मुक्ता. मुक्ताशिवाय काही नाही," असं त्यांनी सभेत बजावलं, तेव्हा खजिनदारांनी मानधन किती घेतात ते विचारलं. मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप'चा फॉन्ट आहे, हे कळल्यावर खर्च वाचला म्हणून त्यांनी ठरावाला अनुमोदन दिलं. टेम्प्लेट पुरवणारं कॅनव्हा काढणाऱ्या मेलनी पर्किन्स यांनी सुरुवात ऑस्ट्रेलियातल्या शाळांच्या वार्षिकांकांपासून केली, हे पंत भक्तिभावानं सांगतात. आमची स्मरणिका दोन वर्षं रखडली आहे, पण तो विषय वेगळा.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यावर आभाळ कोसळलं. इन्स्टाग्रामनं पानावरचे चौकोन काढून उभे आयत आणले. पंतांच्या जुन्या पोस्टी १०८० बाय १०८०च्या; दोन्ही बाजूंनी १३५ पिक्सेल झाकले गेले, आणि पंतांनी समास सोडला होता ८०चा. नेमका तेव्हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा चालू. पानावर ओळीनं दिसू लागलं : 'राठी भाषा संवर्ध'. सचिवांनी सांत्वन केलं, की भाषेची परिस्थिती यात बरीच अचूक आली आहे. पंत दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मध्यंतरी त्यांना डेंग्यू झाला आणि पोस्टर खजिनदारांनी केलं. सात रंग, कोपऱ्यात गुलाब, तारीख बरोबर, वार चुकलेला, स्थळ नाहीच. विचारायला लोकांचे फोनवर फोन आले आणि चौकशी केलीच आहे तर जाऊ, म्हणून वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी झाली. पंतांना हे कुणी सांगू नये असं ठरलं. अर्थात सगळ्यांनी सांगितलं. पंतांनी ते पोस्टर मोबाइलवर बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "गुलाब जरा डावीकडे हवा होता."

माणूस वैतागवाडी आहे, यात वाद नाही. पण एरवी व्याख्यानाला पंधरा-सोळा डोकी येतात आणि हॉल आहे दोनशेचा. पंत तासभर आधी येऊन मागच्या खुर्च्या एकटेच उचलून भिंतीशी रचतात. उरलेल्या जवळ ओढतात. आलेल्यांना "पुढे या ना, पंखा इकडे आहे" असं म्हणत पहिल्या दोन रांगांत बसवतात. मग स्टुलावर चढून १०८० बाय १४४०च्या नव्या उभ्या मापात फोटो घेतात. उभ्या चौकटीत रिकाम्या बाजू येत नाहीत, हा शोध त्यांना त्या आपत्तीनंतरच लागला. भाषण त्यांनी कधी धड ऐकलेलं नाही. पण घरी पोचेपर्यंत वक्त्याच्या मोबाइलवर त्याचा भरल्या सभेतला फोटो आलेला असतो, आणि पुढच्या वर्षीही आमचे वक्ते यायला तयार असतात. पूर्वी नसायचे.

हे फोटो पाहून शेजारच्या तालुक्यातल्या दोन वाचनालयांनी आम्हाला पत्र लिहिलं : आपल्याकडे एवढे श्रोते कसे जमतात, कृपया मार्गदर्शन करावं. पंतांनी त्यांना टेम्प्लेट पाठवलं. स्टुलाची उंचीही कळवली. आता त्यांच्याकडेही सभागृह खचाखच भरलेलं दिसतं.