निवांत सहलीच्या संयोजकांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय संयोजक, शनिवार-रविवार सहल समूह, सांगली.

विषय : दोन दिवसांत संपूर्ण विश्रांती उरकण्याच्या योजनेबाबत.

महोदय,

संयोजकांनी व्हॉट्सॲपवर प्रसृत केलेल्या महाबळेश्वर सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या माथ्यावर ‘फक्त आराम’ असे ठळक लिहिलेले असून पहिल्याच ओळीत पहाटे साडेचारला विश्रामबाग चौकात हजर राहण्याचा हुकूम आहे. सबब या दस्तऐवजाचे परीक्षण अगत्याचे ठरते. पहिल्या दिवशी वाईचा ढोल्या गणपती, पसरणी घाट, पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्या खडकाचे सपाट पठार, वेण्णा तलाव व मुंबई पॉइंटवरचा सूर्यास्त, तर दुसऱ्या दिवशी विल्सन पॉइंटवरचा सूर्योदय, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड आणि परतताना कास पठार, अशी वाटणी तीत केलेली आहे. झोपेचा रकाना कोठे आढळत नाही. सप्टेंबरातला सूर्योदय धुक्याने गिळला, तर उठण्याचे श्रम तेवढे पदरी पडतात, हेही तीत नोंदवायचे राहून गेले आहे.

वस्तुतः मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंहांकडून महाबळेश्वरचा मुलूख घेतला तो आजारी युरोपीयांसाठी आरोग्यधाम उभारण्याकरिता, म्हणजे माणसांनी तेथे आठवडेच्या आठवडे पडून राहावे म्हणून. तेच आरोग्यधाम सांगलीकर आता दीड दिवसात उरकतो आणि सोमवारी कचेरीत जांभया देत बसतो, यास प्रगती म्हणावी की कसे, हे संयोजकांनीच ठरवावे.

सर्वाधिक विचारार्ह बाब पाण्याची आहे. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे पाणी गोमुखातून पडते, अशी श्रद्धा असून ते ओंजळीत घेण्यासाठी सहलीतील मंडळी रांगेत उभी राहणार आहेत. यांपैकी कृष्णा धोम धरणातून वाईवरून खाली उतरते, साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते आणि या तिघी एकत्र होऊन सांगलीच्या घाटापाशी येतात. तात्पर्य, जे पाणी धरणांतून सुटून आपण होऊन, विनातिकीट, सांगलीकरांच्या दारी येणार आहे, त्याला वाटेच्या सुरुवातीलाच गाठण्यासाठी सांगलीकर डिझेल जाळून घाट चढतात आणि वेण्णा तलावात भाड्याच्या होडीने ते थोडेसे ढवळून परत येतात. सांगलीच्या घाटावरच्या पायऱ्यांवर त्याच संध्याकाळी बसायला जागा मुबलक असते, परंतु तेथे पार्किंगसाठी भांडावे लागत नसल्यामुळे सुट्टी घेतल्यासारखे वाटत नाही, ही अडचण मान्य करावी लागेल.

कासविषयी थोडक्यात. 2012मध्ये पश्चिम घाटातील अनेक स्थळांबरोबर या पठारालाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळ्यानंतरच्या काही आठवड्यांपुरती उगवणारी ही फुले बहुतांशी बोटभर उंचीची, त्यांतली काही कीटकभक्षी. ती पाहायची तर गुडघ्यावर बसून, सावकाश. पत्रिकेत कासला छायाचित्रांसह चाळीस मिनिटे मिळाली आहेत. आगाऊ आरक्षण कोणी करायचे हा प्रश्न मात्र समूहात अद्याप धुमसतो आहे.

जवळच्या पर्यायांचा विचारच झाला नाही, असे म्हणता येणार नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हरिपूर, जेथे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणली जात, ते ‘तिथे काय बघायचं?’ एवढ्या एका प्रश्नाने बाद ठरले. उजाड डोंगरावर माणसांनी जंगल वाढवून घडवलेले सागरेश्वर अभयारण्य, जेथे चितळ व सांबर सावलीला उभे असतात, ते जिल्ह्याच्या हद्दीतच असल्याने बाद झाले. स्वतःच्या जिल्ह्यात काढलेल्या छायाचित्राखाली कोणाला हेवा वाटत नाही, आणि हेव्याविना झालेली विश्रांती हिशेबात धरली जात नाही, हा या सहलशास्त्राचा मूळ सिद्धान्त दिसतो.

तरी भडंगाचे डबे कोणी आणायचे एवढा एकच विषय सोडून पत्रिकेतील उर्वरित सर्व बाबींचा संयोजकांनी फेरविचार करावा, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ असावा.

प्रत माहितीस्तव : घर राखायला मागे राहिलेले आजी-आजोबा. सहल आणखी एक दिवस लांबवता येईल काय, ही त्यांची विचारणा विचाराधीन आहे.