झाडू कुणावर?

गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी गेले, ते एका अर्थी वेळेवरच. तीन वर्षांनी मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणंही त्यात भीक मागण्यात जमा होऊ शकतं, आणि दोषी ठरल्यास पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबण्याची सोय आहे. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. पुराव्याची काय वानवा! आता अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे, म्हणजे अटकेचा धोका टळला.

फलाटावर निजलेल्याला उठवताना विचारतात, शहर स्वच्छ नको का? हवंच की. पण बाबांनी कचरा झाडला, माणसं नव्हे. माणसांसाठी पंढरपूर-नाशकात धर्मशाळा बांधल्या. ‘निवारा दिला तरी हे येत नाहीत’ हा आक्षेप पुष्कळदा खराही असतो. मात्र पहाटे मजूरनाक्यावर पोचलं नाही की रोजी बुडते, आणि निवारा शहराच्या टोकाला असतो. धर्मशाळा यात्रेकरू उतरत तिथंच होत्या, म्हणून भरत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा सांगितला. 2011च्या जनगणनेनुसार अमरावतीला सहा, अकोल्याला चार हवेत. जागा नाही, हे उत्तर चौक सुशोभीकरणाच्या बैठकीत मात्र ऐकू येत नाही.